पर्यावरणाचा तास आणि शाळेचे वीजबिल

दरवर्षी ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन साजरा होतो. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेची ती आठवण. महाराष्ट्रात मात्र त्या दिवशी राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांना कुलूप असते. शाळा उघडतात त्या जूनच्या मध्यावर आणि विदर्भात त्याहूनही उशिरा. तरीही त्या दिवशी काहीतरी करावे, त्याची छायाचित्रे संबंधित संकेतस्थळावर चढवावीत, अशी अपेक्षा वरून येते. मग जवळपास राहणारे दोन शिक्षक, एक शिपाई आणि हाकेच्या अंतरावरची पाच-सहा मुले जमतात, कोरड्या जमिनीत एक खड्डा घेतला जातो, रोप उभे राहते, छायाचित्र निघते. पाऊस यायला अजून काही दिवस असतात. त्या रोपाचे पुढे काय झाले, हे विचारणारा रकाना अहवालात क्वचितच असतो.

शालेय पर्यावरण शिक्षणाची आजची अवस्था समजून घ्यायला ही तारखेची विसंगती पुरेशी बोलकी आहे. या शिक्षणाला आदेशांची, योजनांची किंवा पाठ्यपुस्तकांची वाण कधीच नव्हती. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर सक्तीचा करावा, असे सांगितले. त्यानंतर तप उलटले तरी अंमलबजावणी होत नाही असे दिसल्यावर डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीला नमुना अभ्यासक्रम तयार करण्यास फर्मावले आणि २००४ मध्ये तो राज्यांना लागू करण्यास सांगितले. महाराष्ट्रानेही तो विषय स्वीकारला. २०२० पासून नववीला आणि त्यापाठोपाठ दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आला. सतत कुठे ना कुठे टँकर धावणाऱ्या राज्यात तो यावा हे योग्यच झाले. पण हे विषय श्रेणीचे. दहावीच्या टक्केवारीत ज्याची भर पडत नाही, त्याला शाळेच्या वेळापत्रकात कोणते स्थान मिळते हे पालकांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही पुरते ठाऊक आहे. गणिताचा जादा तास घ्यायचा झाला की पहिला बळी याच तासाचा जातो.

उरतो तो प्रकल्प. शहरांतल्या शाळांभोवतीच्या स्टेशनरीच्या दुकानांतून ‘प्रकल्प तयार करून मिळतील’ अशा पाट्या अनेक वर्षे दिसत आल्या आहेत. जलचक्राचे, सौर ऊर्जेचे, ‘झाडे लावा झाडे जगवा’चे देखावे थर्मोकोलच्या पाटांवर उभे करून विकले जात. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवरील बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा कित्येक शाळांच्या माळ्यांवर पर्यावरणाच्या प्रकल्पांचाच थर्मोकोल साठलेला असावा. पर्यावरणाचे गुण मिळवण्यासाठी कचरा निर्माण करण्याची ही तऱ्हा विनोदी खरी, पण तिच्यात एक मर्म दडलेले आहे. मुलाला पर्यावरणाविषयी काहीतरी दाखवायचे होते, करायचे काहीच नव्हते.

माहिती आणि सवय यांतील हे अंतर नवे नाही. महात्मा गांधींच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीमचा विचार पुढे आला. हातांनी केलेल्या कामातून ज्ञान यावे, असे त्यात अभिप्रेत होते. सफाई आणि शेती हे तिथे पाठ्यक्रमाचे अंग होते. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे स्वावलंबन हे तिचे ब्रीद ठरले. वसतिगृहातली मुले कष्ट करून शिकली. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्यालाच समाजोपयोगी उत्पादक कार्य असे रूप दिले. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना कार्यानुभवाच्या तासाला केलेली कागदी फुले आणि लोकरीची तोरणे आठवत असतील. एक गंभीर शैक्षणिक विचार बघता बघता तोरणापर्यंत कसा घसरला, याचा इतिहास पर्यावरण शिक्षणाच्या पाठीराख्यांनी जरूर वाचावा. कारण त्याच उतारावरून आज हाही विषय निघाला आहे.

मग शाळेत मुलांनी करायचे काय? याचे एक व्यवहार्य उत्तर दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ‘ग्रीन स्कूल्स’ या उपक्रमातून दिलेले आहे. त्याची कल्पना साधी आहे. विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेचे लेखापरीक्षण करायचे. हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा या सहा गोष्टींची मोजदाद त्यांनी स्वतः करायची. शाळेत किती नळ आहेत, त्यांतले किती गळतात. दिवसाला किती किलो कचरा निघतो, त्यातला ओला किती. मुले शाळेत कशाने येतात, किती पायी, किती सायकलने, किती पालकांच्या दुचाकीवर. ॲमेझॉनच्या जंगलाविषयी निबंध लिहिणाऱ्या मुलाला आपल्या शाळेच्या गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे आणि ती दिवसातून किती वेळा भरते, हे सहसा माहीत नसते. लेखापरीक्षणाने त्याचे लक्ष तिकडे वळते. येथे हवामानबदलाचे भाषण करावे लागत नाही.

विजेचे उदाहरण घेऊन पाहता येईल. शहरातल्या मध्यम आकाराच्या माध्यमिक शाळेत तीस वर्गखोल्या आहेत असे धरू. प्रत्येक खोलीत जुन्या पद्धतीचे ७५ वॅटचे सहा पंखे आणि चोकसकट सुमारे ५० वॅट खाणाऱ्या सहा ट्यूबलाइट आहेत. म्हणजे खोलीमागे ७५० वॅट. मधली सुट्टी, खेळाचा तास, प्रयोगशाळेचा तास यांत खोली रिकामी असताना हे सारे दिवसातून फक्त एक तास चालू राहिले, तर रोज साडेबावीस युनिट वीज वाया जाते. कामाचे २२० दिवस धरले तर वर्षाला सुमारे पाच हजार युनिट. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशातल्या ग्रिडमधील एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा या एका तासाच्या विसराळूपणाची किंमत वर्षाला साडेतीन टन. हे गणित आठवीच्या मुलाला येते. ते त्याच्या स्वतःच्या वर्गाचे असेल, तर ते त्याला लक्षातही राहते.

पण इथेच पहिली मेख आहे. हे गणित करायला शाळेचे वीजबिल हाती लागते, आणि ते मुलांना कोणी दाखवत नाही. बिल संस्थेच्या कार्यालयात येते, मुख्य लिपिक ते भरतो, जमाखर्चात त्याची नोंद होते. मुख्याध्यापकांनादेखील कित्येकदा त्यातला युनिटचा आकडा सांगता येत नाही. त्यांना आठवते ती रक्कम. त्यात अनेक जुन्या इमारतींतली बटणांची रचना अशी की एका खटक्यावर अर्ध्या वर्गाचे पंखे. खिडकीलगतचे दिवे दुपारी बंद ठेवायचे म्हटले तर मागच्या बाकांवर अंधार होतो. म्हणजे ‘दिवे बंद करा’ या पाटीपेक्षा वायरमनला बोलावून दोन बटणे वेगळी करून घेणे अधिक उपयोगाचे. एवढे झाल्यावरही वीज वाचली, बिल कमी आले, तर वाचलेले पैसे गेले कुठे, हे मुलांना कळत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्ग शहराने १९९४ च्या सुमारास या प्रश्नावर एक तोडगा काढला. शाळेने ऊर्जा वाचवली तर वाचलेल्या रकमेचा अर्धा वाटा त्या शाळेला परत द्यायचा, अर्धा नगर प्रशासनाने ठेवायचा. ‘निम्मे-निम्मे’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे जर्मनीतल्या इतर शहरांनीही उचलली. तिच्यातली हुशारी पैशात जेवढी, तेवढीच हिशेबाच्या उघडेपणात आहे. अर्धा वाटा मिळायचा तर आधीचे बिल किती होते आणि आताचे किती, हे सर्वांसमोर मांडावे लागते. आपल्याकडे महापालिकांच्या शाळांमध्ये हा प्रयोग करणे अवघड नाही. तिथे बिल भरणारी आणि शाळा चालवणारी यंत्रणा एकच आहे. अडचण आहे ती वाचलेली रक्कम खात्याच्या एका शीर्षाखालून दुसऱ्या शीर्षाखाली नेण्याची. मराठी शासनव्यवहारात याहून मोठा डोंगर नाही, हे मान्य करावे लागेल.

पाण्याची कथा वेगळी आणि अधिक नाजूक. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर हजार चौरस मीटर गच्चीवरून वाया जाणारे थोडे वगळूनही साडेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी गोळा होऊ शकते. मुंबईत पाऊस याच्या तिपटीहून अधिक. हा हिशेब विद्यार्थ्यांनी मांडला, मुख्याध्यापकांना दिला आणि पुढे काहीच झाले नाही, असे अनेक ठिकाणी घडते. त्याहून लहान गोष्टीतही तेच. मुलांच्या गटाने पाहणी करून सात गळके नळ शोधले, तक्ता केला, तो फलकावर लावला. नळ दुरुस्त व्हायला संस्थेच्या कार्यालयातून मंजुरी, मग प्लंबर, मग वॉशर. तीन महिन्यांनी तक्ता फलकावर तसाच आणि नळही तसेच गळके. या मुलांनी त्यातून पाण्याची बचत शिकली नाही. त्यांनी शिकले ते हे, की पाहणी करून काही होत नसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी बसलेला हा धडा पुढे नागरिक म्हणूनही पुसला जात नाही. ज्या शाळेला वॉशर बदलण्याची तयारी नाही, तिने मुलांना नळ मोजायला लावू नयेत.

या बाबतीत पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा अनुभव शहरांनीही पाहण्याजोगा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. त्यातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम घडला, तो राज्य मंडळाने स्वीकारला. आठवी ते दहावीची मुले अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या शाखांतली कामे प्रत्यक्ष करतात आणि गावाला उपयोगी पडतील अशा सेवाही देतात. नळजोडणी, वीजजोडणी, जमिनीचे मोजमाप या गोष्टी तिथे पाहून नव्हे, करून येतात. अशा शाळेत गळक्या नळाचा तक्ता फलकावर लावायची वेळच येऊ नये. पान्हा मुलांच्याच हाती असतो. महाराष्ट्रात पर्यावरणाची चर्चा करणाऱ्या मंडळींना पाबळ क्वचित आठवते, कारण पाबळ स्वतःला पर्यावरणाचे केंद्र म्हणवत नाही.

कचऱ्याच्या प्रश्नात मात्र केवळ पान्ह्याने भागत नाही. तिथे समाज मध्ये येतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचे वर्गीकरण तो निर्माण करणाऱ्यावर सोपवले, आणि त्यात शाळाही आल्या. दोन रंगांचे डबे आले. पण वर्गात कोपऱ्यात ठेवलेला डबा कोण उचलतो, याची मुलांना गंधवार्ता नसते. शाळा सुटल्यावर मावशी येतात, सगळे डबे एका पोत्यात उलटतात, पोते फाटकाशी जाते, तिथून घंटागाडीत. वर्गीकरणाचा धडा साडेपाच वाजता संपतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे २००८ मध्ये महापालिकेशी झालेल्या करारातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था काम करू लागली. शहराचा कचरा हाताने वेगळा करणाऱ्या या स्त्रियांपैकी एखादीला शाळेने तासभर बोलावले आणि सुक्या कचऱ्यात उष्टे मिसळले तर तिच्या कमाईचे आणि तब्येतीचे काय होते हे तिच्या तोंडून ऐकवले, तर त्याचा परिणाम दहा पोस्टर्सपेक्षा अधिक व्हावा. मुंबईतल्या मुलांसाठी तर उदाहरण आणखी जवळचे आहे. १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस मोठी आग लागली, तेव्हा धुरामुळे आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. एका शाळेच्या डब्यातला कचरा दुसऱ्या शाळेच्या सुट्टीचे कारण होतो, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

झाडूचा मुद्दा इथेच काढावा लागतो, जरी तो काढणे कोणालाच आवडत नाही. मुलांनी आपला वर्ग आपण झाडावा, असे शाळेने ठरवले की शहरातल्या काही पालकांच्या तक्रारी येतात. ‘आम्ही फी भरतो ती मुलांना झाडू मारायला नव्हे’, हा त्यांचा सूर. त्यामागे श्रमाविषयीची जी भावना आहे तिचे मूळ जातीत आहे, हे उघड आहे. पण उलट बाजूही तितकीच खरी. सफाई मुलांकडून करून घेणाऱ्या शाळांत ती कोणाकडून करून घेतली जाते, मुलींकडे झाडू आणि मुलांकडे देखरेख अशी वाटणी होते का, विशिष्ट वस्तीतल्या मुलांचीच नावे पुढे येतात का, हे पाहायलाच हवे. पाळी फळ्यावर लिहिलेली असावी, हजेरीपटाच्या क्रमाने यावी आणि तीत शिक्षकांचेही नाव असावे. स्वच्छतागृहांची सफाई आणि मुलींच्या सॅनिटरी पॅडची विल्हेवाट ही मात्र प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची आणि व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. ती श्रमसंस्काराच्या नावाखाली मुलांवर ढकलता येणार नाही. पॅडसाठी झाकणाचा डबा आणि वेगळी वेष्टने यांची सोय आधी, उपदेश नंतर.

प्लास्टिकच्या बाबतीत शाळांनी लहान वस्तूंकडे पाहिले तर बरेच साधेल. शाळेत येणारी पाण्याची बाटली, डब्यातली वेफर्सची पिशवी, स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स, पाहुण्यांच्या पुष्पगुच्छाचे आवरण, आणि बॉलपेन. दहावीचा विद्यार्थी वर्षभरात रिफिल न बदलता फेकून देतो त्या पेनांची मोजदाद एका वर्गापुरती जरी केली तरी डबा भरतो. केरळने हरित केरळम् मिशनच्या अंतर्गत शाळांतून वापरून संपलेली पेने गोळा करण्याची मोहीम काढली आणि मुलांना शाईच्या पेनाकडे वळवण्याचा प्रयत्न केला. त्याच राज्यात २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपासून मोठ्या समारंभांसाठी हरित शिष्टाचार रूढ होत गेला आणि २०१८ चा राज्य शालेय कलोत्सवही त्याच पद्धतीने पार पडला. महाराष्ट्रात निदान एवढे करता येईल, की प्लास्टिकबंदीवरील वक्तृत्व स्पर्धेचा फ्लेक्स छापू नये.

वृक्षारोपणाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यावर पुरेशी थट्टा झालेली आहे. केंद्राची राष्ट्रीय हरित सेना २००१-०२ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरण विभागाने राबवली. तिच्यातून काही शाळांत सुंदर रोपवाटिका झाल्या, हे नाकारता येणार नाही. प्रश्न नेहमी एकाच काळात येतो, एप्रिल अखेर ते जूनचा मध्य. तेव्हा मुले नसतात, शिक्षक नसतात, ऊन असते. गांडूळखताचा खड्डाही याच दिवसांत कोरडा पडून मरतो आणि जुलैत नव्याने गांडुळे विकत आणावी लागतात. दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात करणारी चळवळ मोठी होत नाही. ज्या शाळांनी सुट्टीतल्या पाण्याची जबाबदारी शेजारच्या सोसायटीला, ज्येष्ठ नागरिक संघाला किंवा दिवाळी आणि मे महिन्यात पाळीने येणाऱ्या मुलांच्या गटांना नावानिशी वाटून दिली, त्यांची झाडे टिकतात. बाकीच्यांची छायाचित्रे टिकतात.

आता पैशाचा आणि माणसांचा प्रश्न. हरित सेनेच्या क्लबला सुरुवातीला वर्षाला हजार रुपये मिळत, पुढे ते अडीच हजार आणि नंतर पाच हजार झाले. समग्र शिक्षा योजनेत युवा व इको क्लबसाठी सरकारी माध्यमिक शाळांना २५ हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. पण महाराष्ट्रातले माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांच्या अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांतून चालते. म्हणजे सरकारी शाळांसाठी केलेली तरतूद राज्यातल्या बहुसंख्य हायस्कूलांच्या दारापर्यंत पोचत नाही. अनुदानित शाळांची वेतनेतर अनुदानाविषयीची तक्रार जुनी आहे. खडू, झाडू आणि वीजबिल यांचीच ओढाताण असेल तर सौर पॅनेलची भाषा कोण करणार? शिक्षकाचे तसेच. इको क्लबचे प्रमुखपद बहुधा विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. त्याच्याकडे आधीच निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन नोंदी असतात. त्याच्या कार्यभारात आठवड्याचे दोन तास या कामासाठी धरले गेले तर क्लब चालतो. नाहीतर तो अहवालापुरता राहतो. ही मागणी फार मोठी नाही, पण शिक्षकांची पदेच रिक्त असताना ती मान्य होणेही सोपे नाही.

यात एक अन्याय असा घडतो की, ज्यांचा पर्यावरणावरचा भार सर्वांत हलका, त्यांनाच बचतीचे पाठ सर्वाधिक मिळतात. ज्या मुलीच्या वस्तीत पाणी पहाटे तासभर येते आणि ते भरण्यासाठी ती झोपेतून उठते, तिला शाळेत ‘दात घासताना नळ बंद ठेवा’ असे शिकवणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. तिच्याकडून शिकण्याजोगे बरेच आहे; एका बादलीत घरातली किती कामे होतात, हे तिच्याइतके कोणाला माहीत? दुसऱ्या टोकाला वातानुकूलित वर्गांच्या, भरमसाट शुल्काच्या शाळा आहेत. त्यांच्या फाटकात मुलांना सोडायला रोज शेकडो मोटारी इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात आणि आत भिंतीवर हरित शाळेचे प्रमाणपत्र लटकलेले असते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात शाळांच्या सायकल-तळांची जागा आता दुचाकींनी आणि स्कूलव्हॅननी घेतली आहे. परवाना नसलेली नववी-दहावीची मुले शिकवणीला स्कूटरवरून जातात, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने पालकांना २५ हजारांचा दंड व कैदेची तरतूद केल्यावरही हे थांबलेले नाही. मुलाने सायकलने यावे असे म्हणायचे तर शाळेभोवतीचा रस्ता सायकलला सुरक्षित हवा, आणि तो शाळेच्या हाती नाही. विद्यार्थ्यांची पाहणी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयापर्यंत नेण्याची ही खरी जागा आहे.

मुले सवयी बदलू शकतात का, याविषयी शंका असणाऱ्यांनी फटाक्यांचा इतिहास पाहावा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम शाळाशाळांतून चालवली. मुलांनी फटाके न घेण्याचा संकल्प करावा आणि वाचलेल्या पैशातून पुस्तके, खेळ किंवा खाऊ घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. तिला जो प्रतिसाद मिळाला त्यामागे कारणे होती. निर्णय मुलाच्या आवाक्यातला होता. पैसा त्याच्याच वाट्याचा होता. सोडायच्या गोष्टीच्या बदल्यात काहीतरी हाती येत होते. आणि घरी हट्ट धरण्याची मुलांची जी ताकद, ती या वेळी उलट्या दिशेने वापरली गेली. गणेशमूर्ती दान करण्याच्या आवाहनाला सुरुवातीला कडवा विरोध झाला; पण नदीऐवजी हौदात विसर्जन करण्याची सवय गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांत रुळली, तीतही शाळकरी मुलांचा वाटा मोठा आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करावे असे बजावले. अनेक घरांना त्यात नवे काही वाटले नाही, कारण ते आधीच होत होते.

ही मोहीम आणि आजचे इको क्लब यांच्यात फरक काय? त्या मोहिमेत मुलाला निर्णय घ्यायचा होता. इको क्लबमध्ये त्याला बहुधा सूचना पाळायची असते आणि छायाचित्रात उभे राहायचे असते. शाळेचे उपाहारगृह कागदी पेल्यात चहा देणार की स्टीलच्या, हे कंत्राटदार आणि व्यवस्थापन ठरवते. मुलांना त्या बैठकीत कोणी बोलावत नाही. त्यांनी तसा प्रश्न विचारलाच तर तो उद्धटपणा ठरण्याचा धोका असतो. हायस्कूलचे वय प्रश्न विचारण्याचे आहे, आणि पर्यावरणाचा खरा अभ्यास पहिला प्रश्न शाळेलाच विचारतो. बऱ्याच व्यवस्थापनांना वृक्षारोपण प्रिय का असते आणि लेखापरीक्षण नकोसे का वाटते, याचे उत्तर यातच आहे. रोप कोणाला काही विचारत नाही.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पर्यावरण शिक्षणाला माध्यमिक टप्प्यावर आंतरविद्याशाखीय विषय म्हणून स्थान दिले आहे. नव्या आराखड्यानुसार राज्याची पाठ्यपुस्तके बदलायची म्हणजे मूल्यमापनाची पद्धतही ठरवावी लागणार. श्रेणीसाठी पुन्हा एकदा बाजारातून आणलेले देखावे मागायचे, की शाळेने स्वतःची नोंदवही ठेवावी असे सांगायचे, एवढा निर्णय तरी शिक्षण मंडळाच्या हाती आहे. दरमहा वाचलेले मीटर, पावसाळ्यात रोज मोजलेले पर्जन्यमापक, आठवड्यातून एकदा वजन केलेला कचरा आणि प्रत्येक नोंदीखाली त्या आठवड्याच्या पाळीतल्या विद्यार्थ्याचे नाव, अशी ही वही. दहावीची तुकडी बाहेर पडताना ती नववीच्या हाती द्यायची. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधल्या, हिवरे बाजारने पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यावरून पिके ठरवण्याची शिस्त गावाला लावली. तिथे जे शेतकऱ्यांना जमले ते चार भिंतींतल्या एका शाळेला जमू नये असे काही नाही.

सुरुवात करायला निधीची किंवा परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. वहीच्या पहिल्या पानावर मागच्या बारा महिन्यांची वीजबिले चिकटवता येतील. ती बहुतेक शाळांत मुख्य लिपिकाच्या कपाटात, जमाखर्चाच्या फायलीत असतात. त्यांच्या छायाप्रती काढायला मुख्याध्यापकांचा होकार पुरतो.